उघाडी उघडताना खाडीलाही विचारा

मृग निघाला की कोकणातल्या खाडीकाठच्या गावांत खलाटीत पाणी भरायला लागते आणि खार बांधाच्या उघाडीवर माणसे गोळा होतात. आत साठलेले गोडे पाणी ओहोटीला बाहेर सोडले नाही तर भाताची रोपे कुजतात. भरती लागण्याआधी दार पडले नाही तर खारे पाणी आत घुसून शेत दोन-तीन हंगाम नासते. हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि भातशेतकऱ्याच्या दृष्टीने त्यात चूक काही नाही. परंतु दाराच्या आतल्या बाजूला काय होते याची जेवढी काळजी आपण घेतो, तेवढी दाराच्या बाहेर, खाडीच्या चिखलात काय होते याची घेतो काय?

दोन वर्षांपूर्वी जूनच्या अखेरीस अशाच एका गावी जाण्याचा योग आला. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच भावकीत वाद नकोत. चार-पाच दिवस पाऊस नुसता कोसळत होता. बांधाच्या आत पाणी गुडघ्याच्या वर गेले, तेव्हा लोकांनी रात्रीच्या ओहोटीला उघाडीची सगळी दारे एकदम मोकळी केली. आम्ही पोचलो त्याला आठवडा होऊन गेला होता. पावसाने उघडीप दिली होती, ऊन पडले होते आणि खाडीचे पाणी जिभेला लावून पाहिले तर खारट लागत होते. आणि ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात तिसऱ्या तोंड वासून पडल्या होत्या. वास असा की नाकाला पदर लावल्याशिवाय बायका पुढे जाईनात.

त्यातल्या एक वयस्क बाई म्हणाल्या, "भाऊ, गोडं पानी आलं त्या दिवशी एक मेली नाय. तोंडं मिटून बसली व्हती. पानी परत खारं झालं, ऊन पडलं, आनि मग मेली सगली. ह्ये कसं?"

हाच प्रश्न घेऊन आम्ही ग्रामपंचायतीत गेलो. तिथे तीन उत्तरे मिळाली. एकाने सांगितले, पाणी तर खारटच आहे, मग गोड्या पाण्याने मेल्या असे म्हणायचे कसे? दुसऱ्याने वरच्या अंगाच्या कारखान्याकडे बोट दाखवले. तिसऱ्याने हात झटकले, दरवर्षी थोड्याफार मरतातच म्हणे. तिघांपैकी कोणाकडेही त्या आठवड्यात खाडीचे पाणी किती खारट होते याचा एक आकडा नव्हता. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर मात्र शास्त्राकडे आहे, आणि ते प्रत्येक खाडीकाठच्या सरपंचाने आणि शेतकऱ्याने समजून घेण्यासारखे आहे.

आधी पाण्याचे पाहू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. कोकणातल्या खाड्यांत उन्हाळ्यात तोंडाशी जवळजवळ एवढाच खारटपणा असतो आणि वरच्या अंगाला तो कमी कमी होत जातो. पावसाळ्यात वरच्या अंगाचे पाणी पार गोडे होऊन जाते. खाडीतली तिसरी, कालव, खुबे, शिणाणे हे सगळे जीव या चढउताराला सरावलेले आहेत. नाहीतर ते खाडीत राहिलेच नसते. माशाला अंगातले मीठ राखायची सोय असते. शिंपल्याच्या जिवाला ती नाही. बाहेरचे पाणी जेवढे खारे, तेवढेच त्याच्या अंगातले पाणी खारे. बाहेरचे पाणी एकाएकी गोडे झाले की ते त्याच्या पेशींमध्ये शिरू पाहते, आणि वाळवलेली सुकट पाण्यात टाकल्यावर जशी फुगते तशा त्या पेशी फुगू लागतात.

यावर त्याच्याकडे दोन उपाय असतात. एक म्हणजे झापड बंद करून गप्प बसणे. कालव घट्ट मिटले की काही दिवस तसेच राहू शकते. पण मिटलेल्या घरात खाणे नाही आणि ताजा प्राणवायूही नाही. मग तो जीव प्राणवायूशिवाय कसाबसा दिवस काढतो, अंगात आम्ल साचते, आणि ते मारण्यासाठी स्वतःच्या शिंपलीचा चुना विरघळवून वापरतो. दुसरा उपाय पेशीच्या आतला. पेशीने साठवून ठेवलेली अमिनो आम्ले ती बाहेर टाकते, म्हणजे आतबाहेरचा तोल साधतो आणि पेशी फुटत नाही. पूर आलेल्या घरातून माणूस धान्याच्या कणग्या बाहेर काढतो, तसलाच प्रकार. जीव वाचतो, पण घर रिकामे होते. पाणी पुन्हा खारे झाले की तीच आम्ले पुन्हा तयार करून भरावी लागतात, आणि त्यालाही ताकद लागते.

रोगाचा संबंध इथे येतो. शिंपल्याच्या जिवाला आपल्यासारखे लाल रक्त नाही. पातळ रस असतो आणि त्यात रक्तपेशी फिरत असतात. शरीरात शिरलेल्या जिवाणूला गाठून गिळणे, त्याच्यावर मारक द्रव्ये सोडणे, जखम बुजवणे, ही सगळी राखण त्या पेशींकडे असते. खारटपणा एकदम उतरला की याच पेशींवर पहिला घाव बसतो. त्या फुगतात, त्यांची हालचाल मंदावते, जिवाणू गिळण्याची त्यांची शक्ती घटते. किती घटते हे जातीवर, पाण्याच्या उष्णतेवर आणि बदल किती झपाट्याने झाला यावर ठरते. आणि व्हिब्रियो जातीचे जिवाणू तर खाडीच्या पाण्यात बारमाही असतात, धडधाकट शिंपल्याच्या पोटातही असतात. राखणदार जागा असतो तोवर ते काही करू शकत नाहीत. तो निपचित पडला, वरून ऊन लागून पाणी कोमट झाले, की त्यांची वाढ झपाट्याने होते.

बाईंनी पाहिले ते बहुधा हेच. गोडे पाणी आले त्या दिवशी तिसऱ्या मेल्या नाहीत, मिटून बसल्या. पाणी खारे झाल्यावर त्यांनी तोंड उघडले ते अंगातला साठा संपलेल्या आणि राखण ढिली पडलेल्या अवस्थेत. पुढचे काम जिवाणूंनी केले. घाव घालणारे पाणी आठ दिवसांपूर्वीच समुद्रात गेलेले असते, त्यामुळे मरणाच्या दिवशी पाण्याची बाटली भरून तपासली तरी त्यात काही सापडत नाही.

जनावरांच्या उदाहरणाने बोलायचे तर, आपण बैलाला घटसर्पाची लस देतो, गाईला लाळ-खुरकतीची देतो, आणि जनावराचे शरीर त्या रोगाची ओळख ठेवून त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. तिसरी, कालव, कोलंबी या जिवांत प्रतिपिंडे तयारच होत नाहीत. म्हणून गुरांच्या लशीसारखी भरवशाची लस यांना नाही, आणि उघड्या खाडीत औषध तर टाकताच येत नाही. त्यांची तब्येत राखण्याचा आपल्या हातातला मार्ग एकच राहतो, तो म्हणजे पाणी.

कोलंबीवाल्यांना हे नवीन नसावे. १९९४ साली देशाच्या किनाऱ्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूजन्य रोगाने टायगर कोलंबीचे तलावच्या तलाव बसले, तेव्हा ज्यांचे पैसे बुडाले त्यांच्या आठवणी अजून ताज्या आहेत. तो विषाणू अंगात दबून असलेली कोलंबीही वरकरणी धडधाकट दिसते, आणि खारटपणा किंवा तापमान झटक्यात बदलले की रोग वर येतो, असे संशोधकांना पुढे दिसून आले. २००९ पासून आपल्याकडे व्हेनामी कोलंबीला परवानगी मिळाली. ही जात कमी खाऱ्या पाण्यात वाढते म्हणून तिचे कौतुक होते, आणि ते खोटे नाही. परंतु तैवानमधील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. हजारी २५ भाग खारटपणात वाढलेल्या व्हेनामीला त्यांनी व्हिब्रियोचे जिवाणू टोचले आणि वेगवेगळ्या खारटपणाच्या पाण्यात सोडले. जी कोलंबी हजारी ५ भाग खारटपणात गेली तिच्यात मर जास्त झाली, आणि जिवाणू गिळण्याची व मारण्याची तिची शक्तीही उतरलेली आढळली. म्हणजे कमी खाऱ्या पाण्यात सावकाश सरावून वाढणे वेगळे आणि एका दिवसात तिथे फेकले जाणे वेगळे.

म्हणून तलाववाल्यांनी पहिल्या पावसात दुर्लक्ष करू नये. पावसाचे गोडे पाणी हलके असते, ते वर तरंगते. वरचा थर आधी सांडव्यावाटे काढून टाकावा. पाऊस येण्याआधी बांधाच्या उतारावर चुना मारून ठेवावा, एअरेटर चालू ठेवून पाणी ढवळते ठेवावे. नवे बीज आणताना हॅचरीच्या पाण्याचा खारटपणा किती हे विचारावे, आपल्या तलावाचा मोजावा, आणि फरक असेल तर बीज हळूहळू सरावूनच सोडावे. घाई करून पिशवी उलटी करणारे शेतकरी मी पाहिले आहेत. तीन दिवसांनी तेच हॅचरीवाल्याच्या नावाने शंख करत असतात.

हे वाचून कोणाला वाटेल की गोडे पाणी म्हणजे शिंपल्यांचा शत्रूच. तसे अजिबात नाही, आणि असे समजून कोणी खार बांधाविरुद्ध ओरड करू लागला तर तो मूर्खपणा ठरेल. अमेरिकेत चेसापीक उपसागर म्हणून एक प्रचंड खाडी आहे. तिथल्या कालवांना डर्मो आणि एमएसएक्स हे दोन परजीवी रोग गेल्या शतकापासून छळत आहेत. हे दोन्ही परजीवी खाऱ्या पाण्यात माजतात. नद्यांना पाणी भरपूर असते त्या वर्षी खाडीच्या वरच्या भागातली कालवे बचावतात, आणि दुष्काळात खारटपणा वर सरकला की रोगही वर सरकतो. १९९९ ते २००२ च्या दुष्काळात तेथील कालवांची अशीच दैना झाली. डर्मोच्या परजीवीचे भाऊबंद आपल्या देशातल्या कालवांतही २०१० पासून नोंदले गेले आहेत. तेव्हा नद्या अडवून खाडीला गोडे पाणी तोडणे हाही शिंपल्यांना धोकाच. त्यांना ऋतूप्रमाणे हळूहळू गोडे होणारे आणि हळूहळू खारे होणारे पाणी सोसते, कित्येक जातींना अंडी सोडण्याची खूणही त्यातूनच मिळते. त्यांचे नुकसान करतो तो झटका.

आणि हा झटका पुष्कळदा माणसाच्या हातून बसतो, हे कबूल केले पाहिजे. कोयनेचे उदाहरण आपल्या दाराशी आहे. साठच्या दशकापासून पोफळीच्या वीजघरातून निघालेले पाणी वाशिष्ठीत उतरते. कृष्णा पाणीतंटा लवादाने असे पश्चिमेला वळवायला वर्षाकाठी ६७.५ अब्ज घनफूट पाणी मान्य केले. एरवी ऐन मे महिन्यात कोकणातल्या नद्यांचे पात्र कोरडे पडलेले असते, तेव्हा वाशिष्ठी वाहत असते. म्हणजे त्या खाडीच्या वरच्या अंगाला केव्हा किती गोडे पाणी यायचे हे पावसाइतकेच वीजघराच्या वेळापत्रकावरही ठरते. विजेची गरज कोणी नाकारत नाही. पण ते वेळापत्रक खाडीकाठच्या ग्रामपंचायतीला आगाऊ कळावे, एवढी मागणी तरी वावगी म्हणता येईल काय?

केरळात वेंबनाड सरोवरावर तण्णीरमुक्कम येथे १९७० च्या दशकात मोठा बंधारा झाला. कुट्टनाडच्या भाताला खारे पाणी लागू नये म्हणून डिसेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत त्याची दारे बंद असतात. आपल्या खार बांधाचाच तो थोरला भाऊ. भाताला फायदा झाला, परंतु बंधाऱ्याच्या आतल्या बाजूच्या काळ्या शिंपल्यांच्या पैदाशीला जो थोडा खारटपणा लागतो तो मिळेनासा झाला. दारे कधी उघडायची यावर तिथे दरवर्षी भातशेतकरी आणि मच्छीमार यांच्यात जुंपते. भांडण चांगले नव्हे, पण तिथे निदान दोन्ही पक्षांना एका टेबलाशी बसवून निर्णय घेण्याची पद्धत पडली आहे. आमच्याकडे १९७९ साली खार जमिनी विकासाचा कायदा झाला, बांध आले, उघाड्या आल्या. उघाडीवर कोण बसतो? शेतकरी बसतो. तिसऱ्या काढणारी बाई बसत नाही. गंमत अशी की पुष्कळदा ती त्याच शेतकऱ्याच्या घरची असते!

या बाईच्या कमाईकडे आपण कमाई म्हणून पाहत नाही, हे खरे दुखणे आहे. सकाळच्या ओहोटीला चिखलात उतरायचे, कंबर मोडेस्तोवर वेचायचे, टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा आणि वाटे लावून विकायचे. त्या पैशातून मुलांच्या वह्या येतात, औषधे येतात. भाताच्या हंगामात घरात रोख पैसा नसतो तेव्हा चूल त्यावर चालते. पण नुकसान झाले की काय होते? सरकारी मदतीच्या निकषांत भाताचे क्षेत्र आहे, फळबाग आहे, मच्छीमाराची होडी आणि जाळे आहे, मत्स्यबीज आहे. चिखलातून हाताने वेचलेल्या तिसरीला तिथे जागा नाही. तलाठ्याचे नाव २०२४ मध्ये बदलून ग्राम महसूल अधिकारी झाले, ग्रामसेवकाचे ग्रामपंचायत अधिकारी झाले. चांगली गोष्ट आहे. पंचनाम्याच्या कागदावरचे रकानेही या निमित्ताने बदलले असते तर अधिक बरे झाले असते.

निकष बदलतील तेव्हा बदलतील. पण उद्या कोणी साहेब भला निघाला आणि म्हणाला, सांगा तुमचे नुकसान कशाने झाले, तर आपण काय दाखवणार? २०१९ साली अमेरिकेत मिसिसिपी नदीचा पूर न्यू ऑर्लिन्स शहरात शिरू नये म्हणून बॉनेट कॅरे नावाच्या सांडव्याची दारे एकाच वर्षात दोनदा उघडावी लागली. दोन्ही मिळून १२३ दिवस नदीचे पाणी समुद्राच्या खाजणांत जात होते, आणि लगतच्या मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावरची नव्वद टक्क्यांहून अधिक कालवे मेली. शहर वाचले, कालववाले बुडाले. त्याच वर्षी तेथील केंद्र सरकारने ही मत्स्यव्यवसायातील आपत्ती म्हणून जाहीर केली. तिथे पाण्याचा खारटपणा ठिकठिकाणी रोजच्या रोज नोंदला जातो. आमच्याकडे आकडा नाही, म्हणून वाद आहे. कारखान्याने खरोखर काही सोडले असले तरी तो म्हणू शकतो, पावसाने मेल्या. आणि खरोखर गोड्या पाण्याने मेल्या असल्या तरी आपण कारखान्याच्या दारात जाऊन घोषणा देतो. नोंद नसली की खरा दोषी नेहमी सुटतो.

नोंद ठेवणे अवघडही नाही. ऊस आणि द्राक्ष बागायतदारांना हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर माहीत आहे. रसाचा थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरून बघायचे, गोडी किती ते कळते. खारटपणा मोजायचा तसाच रिफ्रॅक्टोमीटर मिळतो. साध्या मोबाइलच्या किमतीतही तो बसतो. फक्त घेताना साखरेचा घेऊ नये, खाऱ्या पाण्याचा मागून घ्यावा, दोन्हींची पट्टी वेगळी असते. गावातली दहावी झालेली मुलगी अर्ध्या तासात तो वापरायला शिकेल. उघाडीच्या आत एक जागा, बाहेर एक जागा आणि तिसऱ्यांच्या पट्ट्यात एक जागा, अशा तीन जागा ठरवाव्यात. शेवटच्या जागी वरचे पाणी आणि तळाचे पाणी अशी दोन्ही मापे घ्यावीत, कारण वर गोडे आणि खाली खारे असे पुष्कळदा असते. मे ते सप्टेंबर रोज, एरवी आठवड्यातून एकदा. वहीत तारीख, तिथी, भरती की ओहोटी, पाऊस, दारे किती उघडी होती आणि आकडा. तिथी अवश्य लिहावी, कारण उधाणाला समुद्राचे पाणी जोराने आत येऊन गोडे पाणी विरते आणि भांगाला ते खाडीतच रेंगाळते.

ही वही ठेवायची कुठे, असे विचारणाऱ्यांना उत्तर तयार आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही करायला हवी. अनेक ठिकाणी ही नोंदवही म्हणजे झाडांची आणि पाखरांची यादी होऊन कपाटात पडली आहे. तीत तिसऱ्या-कालवांचे पट्टे कुठे आहेत, कोणत्या वाडीच्या बायका तिथे जातात, कोणत्या महिन्यात काय मिळते, हे लिहिले आणि खारटपणाची वही तिला जोडली, तर ते गावाचे दप्तर होईल. दप्तरात असलेली गोष्ट अधिकाऱ्याला नाही म्हणता येत नाही, एवढा अनुभव आपल्या सर्वांना आहे. रत्नागिरीला शिरगावचे मत्स्य महाविद्यालय आहे. तेथील शिक्षकांना बोलावून एक दिवसाचे शिबिर घेतले तर पोरांच्या मनातील शंका फिटतील.

दारांविषयी आता शेतकरी बंधूंशी थोडे स्पष्ट बोलतो. अतिवृष्टीत रोपे पाण्याखाली असताना दार हळू उघडा, असे कोणी सांगू लागला तर त्याला चिखलात उभे करावे, या मताचा मीही आहे. त्या वेळी भात वाचवलेच पाहिजे. परंतु पहिल्या पावसाचे पाणी आठ-आठ दिवस आत साठू द्यायचे, दारांच्या फळ्या दुरुस्त करायला वेळ नाही म्हणून उघाडी तशीच ठेवायची, आणि मग एका रात्रीत सगळे सोडून द्यायचे, याला शेती म्हणत नाहीत. दारे मे महिन्यातच दुरुस्त करून ठेवली आणि पहिल्या पावसापासून दर ओहोटीला थोडे थोडे पाणी काढत गेले, तर शेतात साठा होत नाही आणि खाडीला झटका बसत नाही. शक्य असेल तेव्हा मोठा साठा उधाणाच्या दिवसांतल्या ओहोटीला सोडावा, भांगाला नाही. उघाडीवर जाणाऱ्या माणसाने आदल्या संध्याकाळी वाडीवर निरोप द्यावा, म्हणजे बायकांना विकण्याजोगा माल आधी काढून घेता येईल. निरोप द्यायला तर पैसे पडत नाहीत.

माल आधी काढण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते खाणाऱ्यांच्या जिवाचे आहे. तोंड वासलेली, टकटक केल्यावर न मिटणारी तिसरी मेलेली असते. ती वाट्यात घालू नये, कितीही टोपली हलकी झाली तरी. कोमट, निम्म्या खाऱ्या पाण्यात जे व्हिब्रियो माजतात त्यांतल्या काही जाती माणसालाही हगवण लावतात, क्वचित त्याहून वाईट करतात. चिखलात उतरणाऱ्या बायकांनी पायाला जखम असेल तर त्या दिवसांत पाण्यात जाऊ नये. एका गावचा माल खाऊन चार माणसे आजारी पडली की त्या खाडीचे नाव बाजारात कायमचे खराब होते.

ज्यांनी अलीकडे कालव-शिणाण्यांची शेती सुरू केली आहे त्यांच्यासाठीही दोन शब्द. सिंधुदुर्गात बचत गटांनी कांदळवन कक्षाच्या मदतीने हे काम केले, २०१७ ची कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आली, २०२० पासून पंतप्रधान मत्स्यसंपदा योजनेत शिंपल्यांच्या शेतीला अनुदान आहे आणि त्यात महिलांना खर्चाच्या साठ टक्क्यांपर्यंत मदत मिळते. कागद भरताना सगळे जागेची लांबी-रुंदी लिहितात. वर्षभराचा खारटपणा कोणी विचारत नाही. मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यांनी तो विचारावा, निदान एका पावसाळ्याची मापे पाहिल्याशिवाय तराफा मंजूर करू नये. केरळ-कर्नाटकातले शिणाणेवाले पावसाळा संपल्यावर बीज लावतात आणि पुढच्या पावसाआधी माल काढून मोकळे होतात. आपल्याकडे अनुदानाचा हप्ता मार्चअखेर येतो म्हणून एप्रिलमध्ये बीज बांधायचे आणि जूनच्या पुरात ते तडफडताना बघायचे, अशी पाळी बचत गटांवर येऊ देऊ नये. ज्यांना माल पावसाळ्यात ठेवावाच लागतो त्यांनी दोर खोल सोडावेत, कारण गोडे पाणी वर असते. फार खोल नको, तळाच्या गाळात पुन्हा प्राणवायूची बोंब.

खार बांध असलेल्या गावांच्या मे महिन्यातल्या ग्रामसभेत उघाडीच्या दुरुस्तीचा विषय असतोच. यंदा त्याच विषयाखाली तीन ओळी वाढवून घ्याव्यात. खारटपणा मोजायचे उपकरण ग्रामपंचायतीने घ्यावे, मापे कोणी घ्यायची तिचे नाव ठरवावे, आणि उघाडीच्या समितीत तिसऱ्या काढणाऱ्या दोन बायका असाव्यात. त्या गावच्या बाईंना मी हे सांगितले तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, "आमी काय बोलनार समितीत? पन पानी कदी बदललं त्ये आमाला पायाला कलतं." तेवढे कळणारे माणूस त्या समितीत आजवर नव्हते.